आठ बाय दहाची खोली

"चौदा फूट चार इंच," टेपवर बघत मी म्हणालो.

"टेप मधी लोंबलाय तुमचा," टेपचं दुसरं टोक समोरच्या भिंतीला टेकवून उभी असलेली बाई म्हणाली. "जरा ताणा की."

मी टेप ताणला. चौदा फूट दोन इंच भरले. पहिल्याच दिवशी, पहिल्याच मापाला एका बाईनं माझी चूक काढली, आणि तीही गिऱ्हाइकासमोर, याचा मला चांगलाच राग आला. माझं वय तेव्हा सव्वीस. कोल्हापूरहून इचलकरंजीला येऊन एका शिंप्याच्या दुकानावर माडीत ऑफिस थाटलं होतं. दारावर 'उदय शिरगावकर, आर्किटेक्ट' अशी झकास पाटी लावली होती. चार महिन्यांत तो जिना चढून जी माणसं आली, ती सगळी शर्टाचं माप द्यायला निघालेली आणि चुकून वर आलेली होती.

भाऊसो मगदूम हे माझं पहिलं खरं गिऱ्हाईक. सुताचा व्यापार करणारा, चाळिशीचा, भरदार मिशांचा माणूस. गावठाणातलं वडिलांचं जुनं घर पाडून त्यांना तिथं नवं बांधायचं होतं.

"आक्का, तू गप धर नुसतं," ते बहिणीला म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "तर इंजिनियरसाहेब..."

"आर्किटेक्ट," मी म्हणालो.

"तेच ते. चौदा फुटात घर बसवायचं. जमतंय का?"

जागा चौदा फूट रुंद आणि बासष्ट फूट खोल. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या दुमजली भिंती अगदी चिकटून. जुन्या घरात एकामागं एक चार खोल्या होत्या. पहिलीला रस्त्याचा उजेड, शेवटचीला परसातला. मधल्या दोन खोल्यांत भर दुपारीही बल्ब लावावा लागे.

"इथं कोण झोपतं?" त्यातल्या एका खोलीत मी विचारलं. कोंदट वास येत होता. भिंतीला एक वळकटी उभी करून ठेवली होती.

"आक्का," भाऊसो म्हणाले. शिडी कुठं ठेवता असं विचारल्यावर माणूस ज्या सुरात सांगेल, त्या सुरात.

आक्का त्यांची थोरली बहीण. शिरोळकडं दिली होती. सहा वर्षांनी नवऱ्यानं दुसरी आणली आणि ही परत आली. त्याला वीस वर्षं झाली होती. त्या वीस वर्षांत तिनं वडिलांचं आजारपण काढलं, भावाची दोन्ही पोरं अंगाखांद्यावर वाढवली आणि उरलेल्या वेळात मागावर कापड विणणाऱ्यांसाठी चाकावर सुताच्या कांड्या भरल्या. हे तिनं स्वतः कधी सांगितलं नाही. भाऊसोंच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, चहा देताना मला सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या आवाजात कौतुक होतं की कंटाळा, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या मधल्या खोलीत छपराला एक काचेचं कौल बसवलेलं होतं. त्यातून उन्हाचा एक चौकोन खाली पडला होता आणि त्या चौकोनात कांड्यांची टोपली होती.

"हे कौल कुणी बसवलं?"

"म्याच बसवून घेतलं," आक्का म्हणाली. "दोरा दिसायला पायजे की. सकाळी ऊन त्या भिंतीवर असतंय. बारा वाजता हितं. थंडीत ह्या फरशीवर, उन्हाळ्यात त्या. म्या टोपली सरकवत जाते." मग तिनं विचारलं, "साहेब, असंच कौल म्होटं केलं तर? म्हंजे छप्परच न्हाई घातलं हितं, तर दोन्हीकडच्या खोल्यास्नी उजेड येईल का न्हाई?"

मी वहीत काहीतरी खरडत होतो. हात थांबला. बासष्ट फुटांच्या त्या बोळकांडीत उजेड कुठून आणायचा, या विचारानं माप घेता घेताच माझं डोकं चालेनासं झालं होतं. पाच वर्षांच्या कॉलेजात मला न सुचलेली गोष्ट ती टोपली सरकवता सरकवता बोलून गेली.

"बघतो," मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो. "तांत्रिक बाजू तपासायला लागेल."

तपासायचं काही नव्हतं. ऑफिसात येऊन मी नाचायचाच बाकी होतो.

आठ दिवसांत नकाशा तयार झाला. आजही तो मला तोंडपाठ आहे. पुढं ओटा, मग बैठकीचा सोपा. मध्ये सहा बाय नऊचा उघडा चौक, त्याच्या कडेनं वर जाणारा जिना. चौकामागं एका अंगाला आठ बाय दहाची खोली, तिची खिडकी चौकात. खोलीच्या कडेनं बोळ, मागं स्वयंपाकघर आणि परसात मोरी. वर दोन खोल्या, एक नवरा-बायकोची, एक पोरांची. घरातल्या प्रत्येक माणसाला उजेड आणि वारा. वर्गातल्या मित्रांना दाखवावं असं काम झालं होतं आणि त्या आठ बाय दहाच्या खोलीत मी कॉट, कपाट आणि कांड्यांच्या चाकासाठी खिडकीजवळ जागासुद्धा काढून दाखवली होती.

भाऊसोंनी ऑफिसात टेबलावर नकाशा पसरला. चौकावर खूश झाले. मग त्यांचं बोट त्या खोलीवर येऊन थांबलं.

"ही कुणाची?"

"आक्कांची."

"हितं गोदाम करा. सुताची पोती भाड्याच्या जागेत किती दिवस ठेवू?"

"मग आक्का?"

"तिला खोली कशाला? एकटं माणूस. जिन्याखाली कॉट बसतीय न्हवं? तिचं काय, ती कुठंबी पडतीया."

"निदान खिडकी तरी..."

"गोदामाला खिडकी? म्हंजे उंदरास्नी आवतणच की! वर झरोके ठेवा दोन."

मी वाद घातला नाही. घर त्यांचं, पैसा त्यांचा, मी फक्त कागदावर रेघा मारणारा, अशी मी स्वतःची समजूत घातली. ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडनं खरवडून काढायची असते. कॉट, कपाट, खिडकी खरवडायला मला पाव तासही लागला नाही. तिथं मी सुबक अक्षरांत 'गोदाम' लिहिलं. पहिल्या नकाशाचा एक प्रिंट काढलेला होता, तो गुंडाळी करून कपाटावर टाकला.

पंधरा दिवसांनी भाऊसो धापा टाकत जिना चढून आले.

"घोळ झालाय साहेब. आक्का सही करीना."

जागा अजून वडिलांच्या नावावर होती. वारस दोघंच, भाऊ आणि बहीण. बँकेला कर्जासाठी आक्काचं हक्कसोडपत्र पाहिजे होतं, म्हणजे वडिलांच्या जागेतला माझा हिस्सा मी भावाला सोडला, असं तिनं लिहून द्यायचं. आमच्याकडं यात कुणाला काही विशेष वाटत नाही. बहिणी येतात, सही करतात, साडी-चोळी घेतात, जेवून जातात. न करणारीला नावं ठेवतात.

"काय म्हणतात त्या?"

"म्हणती, नकाशा दाखव. माझी जागा कुठाय ती बघते आनि मगच सही करते."

"मग दाखवू या की."

"कंचा दाखवणार?" भाऊसोंनी माझ्याकडं रोखून बघितलं. मग त्यांची नजर कपाटावर गेली. "पयला हाय न्हवं तुमच्याकडं?"

मला समजायला क्षणभर लागला. समजल्यावर मी म्हणालो, "पण तो आता रद्द झालाय."

"तिला काय ठाऊक? तुम्हीच काढलाय न्हवं तो? मग खोटं कुठं बोलायचंय? नुसता फुडं ठेवायचा." ते खुर्चीत रेलून बसले. "हे बघा साहेब, सही न्हाई तर कर्ज न्हाई. कर्ज न्हाई तर घर न्हाई. मग तुमचा तो चौक ऱ्हातोय कागदावरच."

माणूस सुताचा व्यापारी होता, समोरच्याचा धागा कुठं तुटतो ते त्याला बोटानं कळत असणार. मला ते घर उभं राहिलेलं बघायचं होतं. इतकं, की रात्री झोपेत मी त्या चौकात उभा असायचो. मी खुर्चीवर चढलो आणि कपाटावरची गुंडाळी खाली काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मगदुमांच्या सोप्यात जमिनीवर नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. आक्का समोर बसली. तिनं पदर नीट केला, जणू कागदातून कुणी तिच्याकडं बघत होतं.

"हा ओटा," मी सांगू लागलो. "हा सोपा. हा चौक, तुम्ही म्हणाला होता तसा."

"म्या म्हनलेला?" तिनं भावाकडं बघितलं. भाऊसो मिशीतल्या मिशीत हसले.

"आणि ही तुमची खोली. आठ बाय दहा."

तिनं बोट पुढं केलं, पण कागदाला लावलं नाही. "ही काय दोन रेघा?"

"खिडकी."

"कुठं उघडती?"

"चौकात. बारा वाजता ऊन थेट आत येईल. थंडीत तर कॉटपर्यंत."

मी हे सगळं छान सांगत होतो. तेच तर मला आठवत राहतं. मी पडेल आवाजात, चोरट्यासारखं सांगितलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. पण माझ्या नकाशाविषयी बोलताना मी रंगलो होतो. कपाटाचं दार कसं उघडेल, चाक कुठं बसेल, वारा कुठून शिरून कुठं बाहेर पडेल, सगळं सांगितलं. तिनं चार प्रश्न विचारले आणि चारही असे नेमके होते, की माझ्या प्रोफेसरांनीही विचारले नसते.

मग ती म्हणाली, "कागद करणारा वकील म्हणत होता, निम्मा वाटा हाय माझा. भाऊसो, खरं हाय का रं?"

भाऊसोंनी नकाशाच्या कोपऱ्यावरची वाटी उगाच सरळ केली.

"असूदे. निम्मं घेऊन म्या काय करू? मला एक खोली बास. ह्यो उजेड बास." ती माझ्याकडं वळली. "साहेब, पोरांच्या खोलीत 'मुले' लिवलंय. ह्यात कायच न्हाई. माझं नाव लिवा की."

माझ्या खिशात पेन होतं. मी ते काढलं.

"आक्का असं लिहू?"

"आक्का तर घरोघरी असत्यात. कलावती लिवा."

मी खोलीच्या मधोमध लिहिलं, कलावती. आर्किटेक्टचं अक्षर चांगलं असतं, माझं तर वर्गात पहिलं होतं. तिनं तो कागद हातात घेऊन कितीतरी वेळ बघितला आणि विचारलं, "ह्यो माझ्याजवळ ठेवला तर चालंल?"

मी भाऊसोंकडं बघितलं. त्यांनी मान हलवली.

त्याच आठवड्यात निबंधकांच्या ऑफिसात तिनं हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. एकेक अक्षर जोडत, जीभ ओठांत धरून, पानोपान. साक्षीदार दोन लागतात. एक भाऊसोंचे व्यापारी मित्र होते. दुसरे आयत्या वेळी आले नाहीत.

"शिरगावकर साहेब हाईत की!" भाऊसो म्हणाले.

आक्काला त्याचा आनंद झाला. "व्हय, तुम्हीच करा," ती म्हणाली. "तुम्ही शिकल्याली माणसं."

मी साक्षीदार म्हणून सही केली.

बांधकाम सुरू झालं. घरची मंडळी समोरच्याच गल्लीत भाड्यानं राहायला गेली. नव्या भिंतींना रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर सिमेंट ताकद धरत नाही. ते काम आक्कानं घेतलं. सकाळ-संध्याकाळ पाइप धरून ती भिंती भिजवायची. गवंडी तिची चेष्टा करायचे, कारण सगळ्या घराला ती एकदा पाणी मारायची आणि चौकामागच्या त्या चार भिंतींना दोनदा.

"आक्का, वाहून जाईल की खोली!" गवंडी म्हणायचा.

"तुझ्या विटा तेवढ्या कच्च्या असतील तर जाऊदे," ती म्हणायची.

मी हे एकदाच ऐकलं. त्यानंतर मी साइटवर दुपारी दोन वाजता जाऊ लागलो. त्या वेळी ती घरी असायची. आर्किटेक्टनं कामावर कधी जायचं ते कामावर ठरतं, एका बाईच्या वेळेवर नाही, हे मला कळत होतं. तरी मी दोनलाच जायचो. तिच्या समोर आलो असतो तर तिनं काहीतरी विचारलं असतं, आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं.

भिंती छातीइतक्या झाल्या, डोक्याइतक्या झाल्या. एका सकाळी अकराच्या सुमारास माझ्या जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेका पायरीवर थांबत. मी खालून कुणी माप द्यायला आलंय असं समजून "खाली, खाली" म्हणून ओरडलो.

दारात आक्का उभी होती. हातात नकाशाची घडी होती आणि चपला तिनं बाहेर काढून ठेवल्या होत्या.

"या, बसा," मी उठून उभा राहिलो.

ती बसली नाही. टेबलावर तिनं नकाशा उलगडला. घड्या पडून कागद मऊ झाला होता. माझं सुबक अक्षर मधोमध तसंच होतं.

"साहेब, खिडकीची जागा सोडली न्हाई गवंड्यानं. म्या त्याला म्हनलं, येड्या, नकाशा बघ की. तर तो म्हणतो, आक्का, गोदामाला कसली खिडकी?" तिचा श्वास अजून जिन्यानं लागलेला होता. "म्या म्हनलं, गोदाम कुठलं? ही माझी खोली हाय. त्यानं त्याच्याजवळचा कागद दावला. त्यात गोदाम लिवलंय. तुमचंच अक्षर हाय."

मी टेबलावरचं ब्लेड उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं.

"भाऊसोला विचारलं. तो म्हणला, बदललं नंतर. धंद्याला लागतंय. तू कुठंबी पड की." तिनं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "साहेब, मला एकच सांगा. तुम्ही मला ह्यो कागद दावलासा, नाव लिवलंसा, तवा तुमास्नी ठाऊक हुतं का?"

खाली शिंप्याचं मशीन चालू होतं. ते थांबलं, पुन्हा सुरू झालं. खरं सांगायला अजूनही वेळ गेली नव्हती. खोलीच्या भिंती उभ्या होत्या, पण खिडकी फोडायला एक दिवस पुरला असता. मी तिच्याबरोबर जाऊन भाऊसोंसमोर उभा राहिलो असतो आणि 'ही खोली दाखवून सही घेतली आहे, मी साक्षीदार आहे' एवढं म्हणालो असतो, तर त्या माणसाला गल्लीत तोंड दाखवणं अवघड झालं असतं. त्यानं ऐकलं असतं. आजही मला वाटतं, त्यानं ऐकलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "मला माहीत नव्हतं. त्यांनी नंतर बदलायला लावलं."

आणि माझे डोळे भरून आले. ते शरमेनं आले. पण तिला ते कसं कळावं?

"आँ? अवो साहेब!" ती टेबलाच्या कडेनं माझ्याजवळ आली. "रडता काय असं? तुमचा काय दोष त्यात? तुमालाबी फसवलंच की त्यानं." तिनं कोपऱ्यातल्या माठातून पेला भरून आणला आणि माझ्या हातात दिला. "प्या. म्या उगंच आले. मनात आलं हुतं, दोघंबी एक झालासा की काय. तेवढंच सलत हुतं बघा. भाऊ तर भाऊच हाय, त्याचं म्या जाणून हाय. पण तुम्ही इतकं जीव लावून सांगितलं हुतंसा. ते खोटं असतं तर..." ती हसली. "न्हवतं न्हवं? मग झालं."

मी पाणी प्यायलो.

"आता काय करता येईल का, साहेब?"

"सही झालीये, आक्का. कागद पक्का आहे."

"व्हय," ती म्हणाली. "ते वकीलबी म्हणला."

तिनं नकाशाची घडी केली. जाताना दारातून वळून म्हणाली, "जेवत जावा वेळच्या वेळी. वाळलाय लई." आणि चपला घालून एकेक पायरी उतरत गेली.

घर पूर्ण झालं. चौक अगदी मनासारखा झाला. त्या घराचे फोटो मी पुढं कितीतरी गिऱ्हाइकांना दाखवले. अरुंद जागेतलं घर म्हटलं की लोक माझ्याकडं येऊ लागले. आज सत्तावीस वर्षांनी माझं सगळं नाव त्याच कामावर उभं आहे. चौकाची कल्पना कुठून सुचली असं कुणी विचारलं तर मी 'अभ्यासातून' असं सांगत आलो. आक्का जिन्याखालच्या कॉटवर दोन वर्षं राहिली आणि मग जयसिंगपूरला एका वसतिगृहात स्वयंपाकाला गेली, असं कानावर आलं. मी चौकशी केली नाही. पण मला सांगायचं आहे ते वास्तुशांतीच्या दिवसाचं.

जायचं नाही असं मी ठरवलं होतं. भाऊसो स्वतः गाडी घेऊन न्यायला आले. सोप्यात तीस-चाळीस माणसं होती, व्यापारी, भावकी, शेजारी. बायका चौकात पानं मांडत होत्या. मला बघून आक्का पुढं आली.

"आलासा? बरं झालं," ती म्हणाली. मग शेजारच्या म्हातारीकडं वळून, "हे ते साहेब. म्या म्हनलं न्हवतं का? ह्यांचा कायबी दोष न्हवता. ह्यास्नीबी अंधारात ठेवल्यालं. रडलं बिचारं माझ्यासाठी."

म्हातारीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मागं फिरावं असं वाटत होतं, पण भाऊसोंनी दंडाला धरून मला मधोमध पाटावर बसवलं. सत्कार करायचा होता. टॉवेल, टोपी, नारळ असलेलं ताट घेऊन आक्का भावाच्या शेजारी उभी राहिली, कारण ताट धरायला तिलाच सांगितलं होतं.

भाऊसो खुशीत होते. टाळ्या वाजवून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं.

"मंडळी, ह्या चौदा फुटात एवढं घर कुणी बसवलं? ह्या माणसानं! आनि नुसतं नकाशाचं डोकं न्हाई बरं का. दुसरंबी हाय. आता सांगायला हरकत न्हाई. आमची आक्का सहीच करीना. म्हनली, खोली दाव. आनि गोदामाचा नकाशा तर कवाच तयार हुता! मग साहेबांनी काय केलं? तो ठेवला झाकून, आनि पयला रद्द झालेला काढून दावला तिला. वर त्यात नाव लिवून दिलं कलावती म्हणून! निबंधकाकडं साक्षीदार म्हणून सहीबी ठोकली! हे न्हसतं तर आज आपण हितं जेवाय बसलो न्हसतो."

हशा पिकला. कुणीतरी "वा रं पठ्ठ्या!" म्हणालं. भाऊसोंनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली आणि टॉवेलासाठी ताटाकडं हात केला.

ताट जागचं हललं नाही. आक्का माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती काहीतरी आठवत होती आणि आठवता आठवता तिचा चेहरा लाल होत गेला. लाज मला वाटायला पाहिजे होती, ती तिला वाटत होती. म्हातारीला, शेजाऱ्यांना, साऱ्या गल्लीला महिनोन्महिने ती माझ्याविषयी जे सांगत आली होती, त्याची.

"व्हय," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "आनि म्या ह्यांची समजूत काढून आले."

मंडळींना वाटलं आक्काही चेष्टेत सामील झाली. पहिल्यापेक्षा मोठा हशा झाला. भाऊसो तर पोट धरून हसले. तिनं ताटातला टॉवेल उचलून भावाच्या हातात दिला आणि नारळ माझ्यापुढं धरला. मी तो घेतला. सगळे माझ्याकडं बघत होते, काहीतरी करायला पाहिजे होतं.

मीही हसलो.